दुसऱ्याचे दुःख आणि आपली विद्या

दुसऱ्याच्या दुःखावर आपली विद्या वाढवून घेण्याचा अधिकार मनुष्याला कितपत आहे, हा प्रश्न वैद्यकाच्या विद्यार्थ्याइतकाच कायद्याच्या विद्यार्थ्यालाही चुकत नाही. कारण ज्याची जमीन गेली त्याची कैफियत लिहिता लिहिता हा वकिली शिकतो, आणि शिकून झाल्यावर दाखला याच्या हाती येतो, जमीन मात्र त्याच्या हाती येतेच असे नाही.

अशाच कैफियतींवर उभा असलेला मानवाधिकारांचा आंतरराष्ट्रीय व्यवहार जिनिव्हातच चालतो, अशी समजूत खानदेशाने तरी बाळगू नये. नंदुरबार जिल्हा १९९८ साली वेगळा होण्यापूर्वी जे अक्राणी आणि अक्कलकुवा तालुके धुळे जिल्ह्यात मोडत होते, तेथल्या मणिबेलीसारख्या बुडणाऱ्या गावांचे गाऱ्हाणे, सरदार सरोवर धरणासाठी १९८५ साली कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेपर्यंत पोहोचले. बँकेनेच नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या स्वतंत्र समितीने जून १९९२च्या अहवालात पुनर्वसनाचे दोष उघड केले, आणि ते करताना भारताने १९५८ साली स्वीकारलेल्या, आदिवासींविषयीच्या १०७ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय श्रम-कराराचा आधार घेतला. पुढल्या वर्षी उरलेले कर्ज थांबले. धरण थांबले नाही. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकामास अनुमती दिली. मग त्या गाऱ्हाण्यासाठी गावकऱ्यांच्या जबान्या ज्यांनी टिपल्या त्यांचे श्रम वाया गेले काय?

येथे मला धुळ्याचा तुरुंग आठवतो. १९३२ साली, २१ फेब्रुवारीपासून अठरा रविवार, विनोबांनी तेथे गीतेवर प्रवचने केली आणि पूर्वी अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेले साने गुरुजी यांनी ती उतरून घेतली. फलत्यागाचा उपदेश करणाऱ्याची थोरवी आपण गातो, ते योग्यच आहे. परंतु स्वतः सिद्धहस्त लेखक असून दुसऱ्याचे बोलणे दुसऱ्याचेच राहावे म्हणून ज्याने लेखणी आवरली, त्याने तो उपदेश त्याच क्षणी आचरला, असे मी मानतो. कायद्याच्या विद्यार्थ्याला याहून निकटचा गुरू खानदेशात मिळणार नाही. कारण २००६च्या वनहक्क कायद्याखाली यावल, चोपडा, शिरपूर या तालुक्यांत जे दावे होतात, त्यांत गावातील वृद्धांचे लिहून घेतलेले कथन हा ग्राह्य पुरावा आहे. पावरा आदिवासी वृद्धाची वहिवाट झाडे, नाले आणि पूर्वजांची नावे यांच्या आधाराने सांगितली जाते, ती दुभाष्याकडून मराठीत आणि मराठीतून अर्जाच्या रकान्यांत उतरताना, लिहिणाऱ्याला कायद्याच्या भाषेचा मोह पडला, की वृद्धाचे म्हणणे जाते आणि विद्यार्थ्याचे पांडित्य मागे उरते.

कोणी म्हणेल, हेतू इतका निर्मळ असल्याखेरीज हात लावायचा नाही असे ठरविले, तर कोणीही कामाला लागणार नाही. हे मला मान्य आहे. परीक्षेतल्या गुणांसाठी येणारा मुलगाही यावा. हेतू कामातच शुद्ध होत जातो, आधी नव्हे. मात्र त्याने लिहिलेला कागद सांगणाऱ्याच्या भाषेत त्याला वाचून दाखवावा, मगच अंगठा घ्यावा, नक्कल त्याच्या घरी ठेवावी. ग्रामसभेच्या वा उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध साठ दिवसांत दाद मागता येते. ते साठ दिवस परीक्षेच्या हंगामात येतील, तेव्हाही कचेरीच्या पायरीवर त्या वृद्धाशेजारी हा विद्यार्थी असलाच पाहिजे.