महामार्ग आणि पूर्तधर्म

धर्मशास्त्राने पुण्यकर्मांचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग केले आहेत. यज्ञयाग, अग्निहोत्र ही इष्टकर्मे. विहिरी, तळी, देवळे, बागा, अन्नदान ही पूर्तकर्मे. इष्टकर्मांचा अधिकार द्विजांपुरता राखलेला होता, पूर्तकर्म मात्र शूद्रांनाही खुले होते. दानात वस्तूची मालकी एका ठरावीक व्यक्तीकडे जाते. तळे किंवा विहीर लोकार्पण करताना होणाऱ्या उत्सर्गात ती सर्वांसाठी सोडली जाते आणि बांधणाऱ्याचा तिच्यावर इतरांहून वेगळा हक्क उरत नाही. सार्वजनिक रस्ता याच जातीचा आहे. त्यामुळे त्याच्या बाबतीतही एक जुना प्रश्न उभा राहतो: अशा कर्माचे पुण्य वस्तू बांधून झाली की पुरे होते, की ती लोकांच्या उपयोगी पडते तोवरच घडत राहते?

रस्त्याच्या सोयींना धर्मकार्य मानण्याची परंपरा शिलालेखांत दिसते. सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात वाटेवर माणसांना आणि जनावरांना सावली देणारे वड, आमराया, विहिरी आणि विश्रामस्थाने यांचा उल्लेख आहे. अशा सोयी पूर्वीच्या राजांनीही केल्या, आपण मात्र लोकांनी धम्माने वागावे म्हणून त्या केल्या, असे अशोक तिथेच सांगतो. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्याने तापी, डहाणुका आदी नद्यांवर मोफत नावा ठेवल्या, नद्यांच्या दोन्ही तीरांवर निवारे आणि पाणपोया केल्या, तसेच भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे विश्रांतिगृहे बांधली.

पुण्य कधी घडते, या प्रश्नाची उत्तरे दोन परंपरांनी दिली. लिखितस्मृतीनुसार मोडकळीस आलेल्या विहिरी, तळी आणि देवळे यांचा उद्धार करणाऱ्यालाही पूर्ताचे फळ मिळते. म्हणजे दुरुस्तीचा दर्जा बांधकामाहून कमी नाही. बौद्ध विचार याच्या पुढे जातो. संयुत्तनिकायात पूल, पाणपोया आणि निवारे करणाऱ्यांचे पुण्य रात्रंदिवस वाढत राहते असे म्हटले आहे. वसुबंधूने अभिधर्मकोशात पुण्याचे दोन प्रकार सांगितले: त्यागातून उपजणारे आणि दिलेल्या वस्तूच्या उपभोगातून उपजणारे. पहिले देण्याच्या क्षणीच घडते. दुसऱ्यासाठी ती वस्तू कोणाच्या तरी उपयोगी पडावी लागते.

महामार्गाला ही मीमांसा लावली की एक अडचण पुढे येते. रस्ता वापरानेच झिजतो. मातीचा भराव ओलावा राखून रोलरने दाबतात, त्यावर मुरूम-खडीचे थर आणि शेवटी डांबरी थर येतो. चाकाचा भार पृष्ठावर एका लहान जागी पडतो. प्रत्येक थर तो अधिक रुंद पसरवत खालच्या मातीला सोसेल इतका हलका करतो. पाणी निघून जावे म्हणून मध्यापासून कडांकडे साधारण अडीच टक्के उतार ठेवतात आणि बाजूला गटारे काढतात. गटार तुंबले, साइडपट्टी उंच झाली किंवा बारीक तडा बुजवायचा राहिला, की पाणी आत मुरते, खालचा थर मऊ होतो आणि पावसाळ्यात खड्डा पडतो. वेळेवर भरलेल्या तड्याचा खर्च किरकोळ असतो. तळापर्यंत कुजलेला रस्ता उखडून नव्याने करावा लागतो.

ही झीज सर्व वाहने सारखी करत नाहीत. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात झालेल्या चाचण्यांतून असे दिसले, की रस्त्याची हानी आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर हानी सुमारे सोळापट होते. म्हणून क्षमतेहून जास्त माल भरलेला ट्रक इतरांच्या वाट्याचा उपयोग आजच संपवत असतो. उपभोगातून पुण्य घडते हे मान्य केले, तर वापरणाऱ्यावरही मर्यादेचे बंधन येते. मालवाहनांच्या वजनावर कायद्याने घातलेली मर्यादा हेच बंधन व्यवहारात आणते.

देखभालीची हमी कशी द्यावी, याचा विचारही जुनाच आहे. उषवदाताने आपल्या लेण्यातील भिक्षूंच्या गरजांसाठी गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे 3000 कार्षापण ठेवले. मुद्दल कधीच न काढता केवळ व्याज खर्चायचे, अशी ही अक्षयनीवी होती. आज राष्ट्रीय महामार्गांच्या हायब्रिड अॅन्युइटी करारांत सरकार प्रकल्पखर्चाचा चाळीस टक्के भाग बांधकामाच्या काळात देते. उरलेला भाग पुढे पंधरा वर्षांत हप्त्यांनी मिळतो आणि तोवर देखभालही कंत्राटदाराकडेच असते. दोन्ही व्यवस्थांत पुढच्या काळाचा खर्च आरंभीच बांधून घेतलेला आहे.

फरक आहे तो कर्त्याचा. उषवदाताच्या लेखात दाता एक आहे. महामार्गाचा पैसा कर, इंधनावरील उपकर आणि टोल यांतून येतो, आणि कंत्राटदाराला कामाचा मोबदला मिळतो. मोबदला घेऊन केलेले काम पूर्तकर्म ठरत नाही. त्याग असेल तर तो पैसा भरणाऱ्या सर्वांचा. त्यामुळे उद्घाटनाच्या कोनशिलेवर कोणाचेही नाव असले, तरी पूर्ताचे कर्तेपण एकट्याचे ठरत नाही. आणि उपभोगातून उपजणारे पुण्य रस्ता वाहता असेपर्यंतच घडत असल्याने त्याची देखभाल हा मूळ दानाचाच चालू राहिलेला भाग ठरतो.