दोन रुपये जमा

एका गावात एक आबा राहत होते. दारात दोन म्हशी, आणि रोज पहाटे तालुक्याला घरोघरी दुधाचा रतीब. हिशोबाला माणूस चोख. कोणाकडे कोणत्या तारखेला अर्धा लिटर जादा गेलं, कोणाचा कधी खाडा झाला, सगळं वहीत. मोबाइल घेतला तोही रतीबासाठीच. ‘आबा, उद्या पाहुणे आहेत, दोन लिटर आणा’ असे फोन यायचे. स्वतः होऊन आबा क्वचितच कोणाला फोन लावत. गुरुवारच्या बाजारात दहाचा टॉपअप मारला की सात-साडेसात रुपये बॅलन्स यायचा आणि तेवढ्यात आठवडा निघायचा.

पुढे तो निघेना. गुरुवारी मारलेला बॅलन्स रविवारीच संपू लागला.

आबांनी आधी नातवावर डोळे वटारले. पोरगं शपथा घ्यायला लागलं. मग राहिला रिचार्जवाला. एस.टी. स्टँडजवळ टपरी टाकून बसलेला कोवळा पोरगा तो. भर बाजारात आबा त्याला म्हणाले, “दहा घेतोस आणि किती टाकतोस रे? म्हाताऱ्याला लुबाडून तुझं भलं होणार नाही.” चार माणसं वळून बघायला लागली. पोरगा लाल झाला, पण बोलला काही नाही. आबांनी दुकान बदललं. बॅलन्स रविवारीच संपत राहिला.

ही गोष्ट २०१४च्या सुमाराची, साध्या बटणांच्या मोबाइलची. त्या मोबाइलवर दिवसातून दोन-तीनदा आपोआप एक चौकोन उमटायचा. त्यात इंग्रजी मजकूर, खाली डाव्या कोपऱ्यात ‘ओके’ आणि उजव्या कोपऱ्यात ‘कॅन्सल’. आबांना इंग्रजी येत नव्हतं. शेणाचा हात धोतराला पुसायचा, डाव्या कोपऱ्यातलं बटण अंगठ्याने दाबायचं, चौकोन गेला की मोबाइल परत खिशात. माशी हाकलावी इतक्या सहज.

सूनबाई बचत गटाची वही लिहायच्या. एका शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि न उघडलेले मेसेज एकेक करून वाचले.

“आबा, तुम्ही ज्योतिषी लावलाय का?”

“कसला ज्योतिषी?”

“रोज सकाळी तुमचं भविष्य येतं. त्याचा रोज एक रुपया कापतात. आणि क्रिकेटचा स्कोअर येतो, त्याचा एक.”

आबांनी जन्मात क्रिकेट पाहिलं नव्हतं.

सूनबाईंनी १५५२२३ फिरवला. हा नंबर टोल-फ्री आहे. असल्या सेवा बंद करायला सगळ्या कंपन्यांनी हाच एक नंबर ठेवावा, असं दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०१३च्या जुलैत बजावलं होतं. शिवाय ग्राहकाला एकदा नव्हे, दोनदा विचारायचं, दुसरा होकार वेगळ्या मेसेजने घ्यायचा आणि त्याची नोंद ठेवायची, हेही त्यातच होतं. पण नियम काही घरी येऊन दार वाजवत नाही. तो आहे हे ठाऊक असणाऱ्याच्याच कामाला येतो.

तिकडची मुलगी म्हणाली, “मॅडम, या नंबरवरूनच सहमती आली आहे.”

“पहिली आली असेल. दुसऱ्यांदा विचारल्याची तारीख सांगा.”

बराच वेळ नुसतं गाणं वाजत राहिलं. मग उत्तर आलं, सेवा चार तासांत बंद होईल. सूनबाईंनी तक्रारीचा नंबर मागून घेतला आणि वहीत लिहिला. त्या दिवशीचे पैसे कापून चोवीस तास उलटले नव्हते, म्हणून तेवढे परत मिळाले. मागचे गेले ते गेले. आबांनी वही ओढली, तारीख घातली आणि लिहिलं : दोन रुपये जमा.

“दोन रुपयांसाठी एवढी यातायात!” नातू हसला.

“म्हशीला गोचीड लागतो, तो एका वेळी किती रक्त पितो?” आबा म्हणाले. “थेंबभरच. म्हणून तर म्हैस शेपूटही हलवत नाही.”

दुसऱ्या दिवशी रतीब घालता घालता त्यांनी घरोघरी विचारलं. शिंप्याच्या मोबाइलवर विनोद येत होते. एका विधवा बाईंना प्रेमाचे सल्ले येत होते. त्या लाजेने कोणाला सांगत नव्हत्या. शाळेच्या शिपायाची कॉलर ट्यून कधी लागली, त्यालाच ठाऊक नव्हतं. कापलं जातंय हे बहुतेकांना माहीत होतं. पण रुपया-दोन रुपयांसाठी कोण भांडत बसणार, असं प्रत्येक जण म्हणाला, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपलं एकट्याचंच असं होतंय. माझ्या मते कापणाऱ्याची खरी कमाई इथेच आहे. रक्कम अशी बेताने ठरवायची की मागायला माणसाला संकोच वाटावा.

गुरुवारी आबा जुन्या टपरीवर गेले. बाजार भरला होता. ज्या आवाजात आरोप केला होता त्याच आवाजात ते म्हणाले, “पोरा, तू चोर नव्हतास. मी तपास न करता बोललो.” पुन्हा चार माणसं वळून बघायला लागली. आबांनी १५५२२३ हा आकडा त्याला कागदावर लिहून दिला आणि सगळी हकिगत सांगितली.

पोराने कागद दोनदा वाचला. लोकांचा बॅलन्स लवकर संपत होता म्हणूनच त्याचे दहाचे टॉपअप एवढे खपत होते, आणि प्रत्येक टॉपअपवर त्याचं थोडं कमिशन सुटत होतं. हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. क्षणभर त्याने गल्ल्याकडे पाहिलं. मग कागद टपरीच्या दर्शनी फळीवर चिकटवला आणि शिंप्याला म्हणाला, “काका, आणा तुमचा मोबाइल.”

शिंप्यामागे आणखी तिघे उभे राहिले. शाळेचा शिपाई मात्र पिशवी उचलून निघाला होता. “जाऊ द्या हो आबा, रुपयाचं काय एवढं!”

आबांनी त्याच्या सदऱ्याच्या खिशातून मोबाइल काढला आणि पोराच्या हातात दिला.