गाव न सांगितलेला साप

घोणस आणि फुरसे ही नावे आपल्याला चांगलीच ठाऊक आहेत. पावसाळ्यात वाडीत जाताना आपण पायाखाली बघून चालतो ते त्यांच्याच धास्तीने. त्यांच्या एका दूरच्या भाऊबंदाने सध्या आम्हांला विचारात पाडले आहे. तो राहतो आफ्रिकेत, टांझानिया देशाच्या दक्षिणेकडील डोंगराळ रानात. आपल्या वाटेत तो कधी येणार नाही. तरी त्याच्यामुळे उभा राहिलेला प्रश्न आपल्या घरातलाच आहे, आणि तो आठव्या आज्ञेचा आहे.

डिसेंबर २०११ मध्ये 'झूटॅक्सा' या शास्त्रीय नियतकालिकात तीन संशोधकांनी या सापाची पहिली नोंद केली. शास्त्रीय नाव ॲथेरिस मटिल्डे. अंग काळे-पिवळे, लांबी दोन फुटांहून थोडी अधिक, आणि दोन्ही डोळ्यांवर उभ्या खवल्यांची शिंगे. रागाने भुवया चढवल्यासारखा चेहरा. मटिल्डा हे त्या संशोधकांपैकी एकाच्या लहानग्या मुलीचे नाव. विषारी सापाला लेकीचे नाव देणारा बाप! आपल्याकडे कुणी असे केले तर आजी त्याला उंबरठा ओलांडू देणार नाही.

त्या लेखात सापाचा रंग आहे, आकार आहे, खवल्यांचे वर्णन आहे. एकच गोष्ट नाही. साप नेमका कुठे सापडला ते सांगितलेले नाही. एरवी शास्त्रात प्राण्याची नोंद करताना त्याचे ठिकाण देणे ही पहिली शिस्त. ती येथे जाणूनबुजून मोडली. का?

कारण या सापाचे रान अवघे काही चौरस किलोमीटरचे, आणि तेही लाकूडतोडीने व कोळशाच्या भट्ट्यांनी पोखरलेले. त्यात भर म्हणजे असे साप काचेच्या पेटीत पाळणारे हौशी लोक परदेशात आहेत. जितका दुर्मीळ तितकी किंमत जास्त. हे भय काल्पनिक नाही. इंडोनेशियातील रोटी बेटावरच्या एका लांब मानेच्या कासवाची स्वतंत्र जात म्हणून नोंद १९९४ साली झाली, आणि पाळणाऱ्यांच्या मागणीने ते रानातून जवळजवळ नाहीसे झाले. दक्षिण चीनमधील एका पालीची नोंद १९९९ मध्ये झाली. ज्या जागेचे नाव लेखात छापले होते तेथून ती उचलून नेली गेली. लिहिणाऱ्याने एक अक्षर खोटे लिहिले नव्हते. त्याचे खरेच चोराचा वाटाड्या झाले.

मग खरे लपवणे हे खोटे बोलणे होते का? कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ या बाबतीत आपल्या समजुतीपेक्षा शहाणा आहे. खोटे बोलण्याची मोकळीक तो कुणालाच देत नाही. पण सत्य कळण्याचा हक्क बिनशर्त नाही, आणि ज्याला तो हक्क नाही त्याला ते सांगायला कुणी बांधलेले नाही, असे तो क्रमांक २४८८ व २४८९ मध्ये शिकवतो. संशोधकांनी दुसऱ्याच डोंगराचे नाव लिहिले असते तर ते पाप होते. त्यांनी उघडपणे कळवले की जागा आम्ही सांगणार नाही. एवढ्या सरळपणे गप्प बसणे आपल्याला जमते का? कुणाच्या मुलीचे लग्न ठरत असते, कुणीतरी चौकशीला येतो, आणि न विचारलेलेही आपण सांगून मोकळे होतो. वर म्हणतो, "आम्ही खरे तेच बोललो!" हो, खरेच होते. त्या कासवाचा पत्ताही खराच होता.

इथवर आम्ही निश्चिंत होतो. पण पुढे विचार करताना अडखळलो. गुप्तता नेहमी दुबळ्याच्या बाजूने उभी असते असे थोडेच आहे? आपल्या ख्रिस्तसभेतही बदनामी नको म्हणून मुलांवरचे अत्याचार झाकले गेले, आणि २००२ साली अमेरिकेत बॉस्टन येथे ते उजेडात आले तेव्हा साऱ्या जगाने मान खाली घातली. अशा प्रकरणांवरचा गुप्ततेचा नियम पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१९ मध्ये उठवला. तेथेही 'सांगायचे नाही' हेच शब्द होते. फरक एवढाच, की त्या सापाची जागा झाकली ती सापासाठी, आणि येथे झाकले ते झाकणाऱ्यासाठी. हा फरक लिहायला सोपा आहे. ज्याच्यावर प्रसंग येतो त्याला तो त्या क्षणी किती स्पष्ट दिसतो, कोण जाणे.

शिवाय त्या रानाच्या कडेला माणसे आहेत. त्यांची चूल त्याच लाकडावर पेटते, पोरांची फी त्याच कोळशावर निघत असेल. या जातभाईंच्या विषावर खास असा उतारा नाही, आणि त्यांच्यातल्या एका जातीच्या दंशाने मृत्यू झाल्याची नोंद आहे. सापाचा पत्ता परदेशातल्या हौशी माणसाला कळण्याची काहीही गरज नाही. पण जी बाई पहाटे त्या झाडीत सरपणाला जाते तिला तो कळलाच पाहिजे. तिच्यापासून लपवून सापाला वाचवणे आम्हांला न्यायाचे वाटत नाही.

शेजारच्या केनियाने वेगळी वाट धरली. तेथील उंच भागात असेच दोन दुर्मीळ विषारी साप आहेत. एक केनिया पर्वताच्या रानातला, दुसरा रिफ्ट दरीतला. केनियाने त्यांची नावे जगापुढे मांडली, आणि २०१६ मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत त्यांच्या परदेशी व्यापारावर 'साइट्स' कराराचे नियंत्रण बसवून घेतले. म्हणजे गप्प राहूनही राखण होते आणि चारचौघांत बोलूनही होते. मटिल्डाच्या सापाच्या संशोधकांनी तर तिसरेही एक केले. काही साप बंदिवासात ठेवून त्यांची पैदास सुरू केली, ज्यांना हवाच असेल त्यांनी रानात हात घालू नये म्हणून. आम्हांला हा उपाय थोडा विचित्र वाटतो, पण त्यांनी माणसाची हाव ओळखून तो केला आहे.

ती हाव दूरच्यांचीच असते असे मानू नये. हा मजकूर लिहिताना आम्हीही मुलांचा शाळेचा नकाशा काढला आणि टांझानियाच्या त्या कोपऱ्यावर बोट फिरवत बसलो, कोणता डोंगर असेल बरे? बराच वेळ गेला. मग लक्षात आले, की आपल्याला त्या सापाचे काही करायचे नाही, फक्त कळायला हवे होते. नकाशा घडी करून दप्तरात परत ठेवला.