तट

सकाळ आहे. अकोल्यात मोर्णेच्या काठी, असदगडाच्या बाजूला आपण बसलो आहोत. मांडीवर आजचा पेपर. अजून उघडू नका.

घडीवर नुसता हात ठेवा. कागद गार, थोडा दमट. शाईचा वास येतोय.

श्वास घ्या. सोडा.

समोर नदी. जलकुंभीचा हिरवा थर, मधूनच उघडं पडलेलं काळं पाणी. एक बगळा त्या हिरव्यावर पाय ठेवतो, उचलतो, पुन्हा ठेवतो.

बघत राहा.

आपण जुन्या शहराच्या काठावर, पश्चिमेला. सूर्य नव्या शहरामागून वर येतोय. म्हणून पलीकडचं सगळं काळं दिसतं. घरं, झाडं, पाण्याशी वाकलेलं कुणीतरी. बाई की माणूस, कळत नाही. कपडे धुतंय बहुतेक.

आता पलीकडे बसून इकडे बघा. मनानेच.

गडाची भिंत उन्हात न्हालेली. दगड न्‌ दगड मोजून घ्यावा अशी.

नदी तीच. वेळही तीच.

थांबा इथे जरा.

अमरावतीला पत्रकारिता शिकताना एक शब्द वहीत सारखा यायचा. तटस्थ. परीक्षेला हमखास. कितीतरी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर त्या शब्दाचा माणूस हवेत तरंगत होता. पायच नव्हते त्याला.

इथे बसून तो शब्द सावकाश म्हणून बघू. तट.

थांबा.

स्थ.

काठावर उभा असलेला. आता आपल्या पायांकडे बघा. ओली माती, एक चपटा दगड. हा काठ.

मग वाटतं, पुलावर जाऊन मधोमध उभं राहावं. जाऊन बघितलंय मी. दोन्ही काठ दिसतात, पण लांबून. आणि मागून ऑटोवाले हॉर्न वाजवत राहतात.

२०१८च्या जानेवारीत हजारो अकोलेकर या नदीत उतरले. जलकुंभी ओढून काढली. ‘मन की बात’मध्ये मोर्णेचं नाव आलं. ते फोटो डोळ्यांसमोर आणा. चिखलाचे हात, हसरे चेहरे. खरेच होते ते. जलकुंभी पुन्हा वाढली, ते कुठल्या पानावर आलं होतं?

आठवू नका. नुसता प्रश्न धरून ठेवा. एक श्वास.

आता पेपर उघडा. वाचायचं नाही. बघायचं.

मोठं काय आहे. लहान काय. किती जागा जाहिरातीची.

बाबा पेपर आतूनच उघडायचे. बाजारभाव. बोट कापसावर. आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण. “पेपरात आलं म्हंजे खरंच असन,” म्हणायचे. आमचा कापूस मात्र कधी सर्वसाधारण निघाला नाही. किमानच्या आसपासच असायचा.

त्याच पानावर खाली, एका कॉलमात, चार ओळी. शेतकऱ्याची आत्महत्या. गाव, वय, किती एकर. कर्जबाजारीपणाला कंटाळून.

इथे बोट ठेवा.

कंटाळून. हा शब्द कुणाचा? घरातल्या बाईचा? ठाण्यातल्या कागदाचा? की वर्षानुवर्षं टेबलावर पडून असलेला, हाताशी आला म्हणून उचललेला?

उत्तर नको. ऐका फक्त.

पुढे हाच माणूस सरकारी तक्त्यात जातो. पात्र, अपात्र, चौकशीसाठी प्रलंबित. पात्र ठरला तर घरच्यांना एक लाख. पुन्हा एक आकडा.

आणि आणखी एक आकडा. २००६ साली मुंबईत लॅक्मे फॅशन वीक होता. सुती कपड्यांचा तोरा होता त्या वर्षी. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी तिथले बातमीदार मोजून सांगितले: ५१२. आणि हा कापूस पिकवणारी माणसं जीव देत होती त्या विदर्भात, बाहेरच्या मोठ्या माध्यमांचे सहाच्या आसपास.

त्या ५१२ जणांनी खोटं लिहिलं नसेल. कपडा कसा होता, तेच लिहिलं असेल त्यांनी, नीट, वेळेत.

श्वास घ्या. तो काठ. हा काठ.

पेपर मिटा. हातांकडे बघा. बोटांच्या टोकांना शाई लागली आहे. पुसू नका इतक्यात.

बगळा उडाला.

ऊन वर चढलंय. पलीकडच्या त्या काळ्या आकृतीला आता चेहरा आलाय. कपडे धूत नव्हतं कुणी. ऑटोवाला आहे, सीटचं कव्हर झटकतोय. झटकता झटकता थांबतो, इकडे बघतो.

त्याला आपण केव्हाचे लख्ख दिसत असू. भिंतीखाली, मांडीवर पेपर घेऊन बसलेले.