आकडा कोणाचा?



मेंदूतील गाठीचे ऑपरेशन होते, रेडिएशन होते, गोळ्या होतात. काही महिने बरे जातात आणि एके दिवशी एम.आर.आय.मध्ये गाठ पुन्हा दिसते. मग घरच्यांचा एकच प्रश्न असतो, "डॉक्टर, आता किती दिवस?" पूर्वी डॉक्टर वर बोट दाखवीत. आज या प्रश्नाचे उत्तर त्या चित्रातूनच काढण्याचा प्रयत्न चालू आहे.

ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूच्या कॅन्सरचा अत्यंत घातक प्रकार. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रेडिएशनला टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिलेले निम्मे रुग्ण १४.६ महिन्यांहून अधिक जगले. बहुतेकांची गाठ परत येतेच. परत आलेल्या गाठीत पाण्याचे कण किती मोकळे फिरतात ते एम.आर.आय. मोजू शकतो. पेशींची दाटी जास्त, तर पाण्याला वाट कमी. अशा मोजमापांचा आणि रुग्णाच्या पुढील आयुष्याचा संबंध संशोधकांना दिसला आहे. संगणकही आता ही चित्रे पाहून अंदाज बांधायला शिकतो आहे.

या ज्ञानाला मी वाईट म्हणत नाही. ज्या औषधाने काही साधणार नाही ते आधीच कळले, तर रुग्णाचा त्रास वाचेल, घरच्यांचे कर्जही वाचेल. केवळ कष्टाने आयुष्य थोडे लांबवणारे उपचार नाकारणे म्हणजे आत्महत्या नव्हे, हे व्हॅटिकनच्या १९८० सालच्या दयामरणविषयक घोषणापत्राने स्पष्ट केले आहे.

पण सगळे अंदाज एका जातीचे नसतात. ग्रहणाची वेळ पंचांगात छापली म्हणून चंद्र आपली चाल बदलत नाही. माणसाचे तसे नाही. चित्र पाहून कोणी "चार महिने" म्हटले, मग उपचारांचा हात आखडला, घरच्यांनी हाय खाल्ली, रुग्णाने अन्न सोडले आणि तो चार महिन्यांत गेला. आकडा बरोबर होता की आकड्यानेच त्याला नेले? सेमिनरीत आम्हाला बोएथियस शिकवीत. सहाव्या शतकात तुरुंगात देहदंडाची वाट पाहत असताना त्याने मांडले की, देव आपले भविष्य पाहतो म्हणून ते आपल्यावर लादले जात नाही. देवाच्या पाहण्याबद्दल हे खरे. आपले पाहणे इतके निर्मळ नसते, त्यात आपला हात शिरतो.

शिवाय चित्र फसवतेही. रेडिएशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत गाठ वाढल्यासारखी दिसते ती कधी कधी उपचाराचीच सूज असते. उलट बेव्हॅसिझुमॅब या औषधाने रक्तवाहिन्यांची गळती थांबते, चित्र सुधारते, आणि गाठ आत तशीच असू शकते. त्या २००५ च्या अभ्यासातही टेमोझोलोमाइड घेतलेल्यांपैकी चारांतला एक जण दोन वर्षांनंतर हयात होता.

मग आकडा सांगूच नये? "फादर, बाबांना काही कळू देऊ नका हं," असे मला दारातच बजावले जाते. मायेपोटीच. बाबांना मात्र बरेचदा सगळे कळलेले असते आणि तेही मुलांसाठी नाटक करीत असतात. मला हे पटत नाही. ज्याच्या डोक्याचे चित्र, त्याचा आकडा. त्याला तो नको असेल तर नको म्हणण्याचा हक्कही त्याचाच. निदान विचारावे, "बाबा, डॉक्टर काय म्हणतात ते ऐकायचे आहे का?" मेंदूच्या आजारात तर ही घाई अधिकच, कारण ज्या अवयवाने निर्णय घ्यायचा तोच आजारी. आज लपवलेले पुढच्या महिन्यात सांगू म्हटले, तर ऐकणाऱ्याला शब्दच उमगेनासे झालेले असू शकतात. जमिनीचे कागद, भावाशी तुटलेले बोलणे, पापनिवेदन, हे सगळे त्याआधीचे.

तैलाभ्यंगाचेही तेच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले आहे की हा संस्कार केवळ शेवटच्या घटकेचा नाही. आजाराने किंवा वार्धक्याने जिवाला धोका निर्माण होऊ लागला की त्याची वेळ आलेली असते. तरी फोन येतो तो माणूस बेशुद्ध पडल्यावर. गाठ परत आल्याचा रिपोर्ट हाती येईल त्याच आठवड्यात बोलवा. रुग्णाला स्वतःच्या तोंडाने 'आमेन' म्हणता येईल.