पाहण्याचा अधिकार

जी वस्तू सर्वांची आहे ती पाहण्याचा अधिकार सर्वांना आहे, हे तत्त्व आम्ही आजवर निःशंकपणे मानीत आलो. बस्तरमधील कुटुमसरच्या गुहेत मात्र त्याविषयी प्रथमच शंका आली.

जगदलपूरजवळ कांगेर खोऱ्याच्या अरण्यात ही गुहा आहे. १९८२ साली या अरण्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पावसाचे पाणी हवेतला व मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल बनते, चुनखडक विरघळवीत खाली झिरपते, आणि गुहेच्या पोकळीत तो वायू सुटताच चुन्याचा सूक्ष्म कण मागे ठेवते. अशा कणाकणांतून छताला लोंबणारे आणि जमिनीतून वर चढणारे लवणस्तंभ घडतात. माणसाचे तेलकट बोट एकदा लागले, की त्या जागी नवा थर नीट धरत नाही. हजारो वर्षांचे काम आणि क्षणाचा मोह, असा हा विषम व्यवहार आहे.

स्तंभाला आम्ही हात लावला नाही. आमच्या हातून अपराध घडला तो निराळाच. एका डबक्यात वाटाड्याने फिकट रंगाचा, डोळे जवळजवळ लोपलेला एक लहानसा मासा दाखविला. ‘जरा बत्ती धरून ठेव,’ असे आम्ही सांगितले. तो क्षणभर घुटमळला. मग ‘जी, साहब’ म्हणून वाकला. मासा कपारीकडे सरकला. आम्ही बत्ती तिकडेही वळवावयास लावली.

पुढे वाचनात आले, की या माशाच्या जातीचे पहिले वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७२ साली पुण्याकडील माशांवरून केले होते. उघड्या ओढ्यांतील त्याच्या भाऊबंदांना चांगले डोळे आहेत, अंगावर रंग आहे. अंधारात पिढ्यान्‌पिढ्या राहून याच्या ठायी दोन्ही क्षीण झाले. गाववाला भेटल्याचा आनंद झाला खरा. पण लाज अधिक वाटली. वाटाड्याने आमच्या जिज्ञासेला नव्हे, आमच्या खुर्चीला मान दिला होता.

कोणी म्हणेल, लोकांनी जे पाहिलेच नाही त्याचे रक्षण ते कशासाठी करतील? शिवाय प्रवासी येतात म्हणून वाटाड्याची चूल पेटते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि गुहेचे दार कायमचे लावावे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. मात्र पाहणे निरुपद्रवी असते, ही समजूत सोडली पाहिजे. कायमचे दिवे लावलेल्या गुहांच्या भिंतींवर शेवाळ धरते; गर्दीच्या श्वासाने आतली हवा बदलते. पाहणारा काहीतरी घेतच असतो. तेव्हा किती घ्यावे, हा प्रश्न त्याला टाळता येत नाही.

पावसाळ्यात पाणी शिरते आणि कुटुमसर प्रवाशांस बंद होते. त्या पाण्यापुढे कोणाचा हुद्दा चालत नाही. उरलेल्या महिन्यांत तेच बंधन आपले आपण घालून घ्यावयाचे असते. बदलीच्या नोकरीत आपण परक्या प्रांतात अधिकार घेऊन येतो आणि एके दिवशी कार्यभार सोपवून निघतो. ‘राहू दे, पुढे चल,’ असे म्हणण्याचाही एक अधिकार असतो. त्या दिवशी तो आम्हांस होता. आम्ही तो वापरला नाही.