वळविलेले पाणी

न मागता पदरी पडलेल्या लाभाचे ऋण मानावे काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गात शुष्क वाटतो. उल्हास नदीच्या काठी तो तसा राहत नाही. मावळातील आंध्रा नदीचे पाणी वस्तुतः इंद्रायणीवाटे पूर्वेस, भीमेकडे जावयाचे. टाटांनी ठोकरवाडीस धरण बांधून ते सह्याद्रीच्या कड्याखाली भिवपुरीस उतरविले. १९२२ पासून त्यावर मुंबईसाठी वीज होऊ लागली. यंत्रांतून सुटलेले पाणी उल्हासेस मिळाले, आणि पुढे त्याच प्रवाहाच्या आधारे बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर वाढली. फाळणीनंतर येथील छावणीत आलेल्या निर्वासितांनी नळाच्या पाण्याचे कुळ पुसावे, अशी अपेक्षा कोण करील?

आता भीमेच्या खोऱ्यातून हे पाणी परत मागितले जात आहे. सोलापूरकडील शेतकऱ्याचा हक्क निसर्गदत्त. येथील नागरिकाचा शंभर वर्षांच्या वहिवाटीचा. घागर भरणाऱ्याने अपराध केला नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण अपराध नाही म्हणून देणेही नाही, हा युक्तिवाद पटत नाही. सांडपाणी शुद्ध करून ते कारखान्यांस पुरविले, तर नदीवरील मागणी तेवढी तरी उणी होईल. या शहरांनी एवढा आरंभ भीमेच्या मागणीची वाट न पाहता करावा, असे आमचे मत आहे.